मारुती ८०० वाहतुकीत तापते, पाणी खाते: हेड उतरवण्याआधी घरी काय तपासाल

प्रश्न थोडक्यात असा. २००६ ची मारुती ८००, एसीवाली, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल सोडणारी), एक लाख दहा हजार किलोमीटर चाललेली, पुण्यात रोजच्या वापरात. कोंडीत दहा-पंधरा मिनिटं गेली की टेम्परेचरचा काटा वर चढतो, मोकळ्या रस्त्याला लागलं की खाली येतो. मागच्या महिन्यात महाबळेश्वरला जाताना पसरणी घाटात पाणी उकळून बाहेर आलं. आठवड्याला अर्धा-पाऊण लिटर पाणी घालावं लागतं. गॅरेजवाल्याने आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाकला, फरक पडला नाही. आता तो ऑइलच्या टोपीखालची पांढरी साय दाखवून म्हणतो, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल. हा खर्च करावा का, आणि घरी काही तपासता येईल का?

येईल, आणि हेडला पाना लावण्याआधी तपासायलाच हवं. दिलेल्या लक्षणांवरून माझा पहिला संशय गॅस्केटवर जात नाही. मात्र घाटात उकळल्यावर गाडी लगेच बंद केली की तशीच पुढे रेटली, यावर बरंच अवलंबून आहे. ॲल्युमिनियमचं हेड पाण्याशिवाय पाच मिनिटं जरी चाललं तरी वाकू शकतं. तसं झालं असेल तर मूळ दोष साधा असूनही आता गॅस्केटसुद्धा गेलेलं असेल. त्याच्या तपासण्या पुढे दिल्या आहेत, पण त्यांचा नंबर शेवटचा.

या प्रश्नात दोन तक्रारी एकमेकींत अडकल्या आहेत: गाडी तापते ही एक, पाणी कमी होतं ही दुसरी. उकळून बाहेर जातं म्हणून पाणी कमी होतं, की आधीच कुठेतरी गळून कमी झालंय म्हणून उकळतं? हे ठरल्याशिवाय पार्ट बदलत जाणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

गाडी किती तापते यापेक्षा केव्हा तापते हे जास्त बोलतं. रेडिएटरला आतून पाणी फिरावं लागतं आणि बाहेरून हवा. गाडी साठने पळत असेल तर हवा फुकट मिळते, उभी असेल तर ती फक्त फॅन देतो. तुमचा काटा मोकळ्या रस्त्यावर खाली येतो, याचा अर्थ पंप पाणी फिरवतोय आणि रेडिएटर उष्णता टाकू शकतोय. कमी पडते ती उभ्या गाडीला मिळणारी हवा. उलट गाडी गावात शांत आणि हायवेला ऐंशीच्या पुढे तापत असती, तर मी चोंदलेला रेडिएटर, पंप किंवा ओढीने आत चिकटणारा खालचा होस (रेडिएटरची रबरी नळी) बघितला असता. सुरू केल्यावर पाच मिनिटांतच काटा चढत असता तर पाणी कमी, आत हवा अडकलेली किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला. गॅस्केट गेलेली गाडी सहसा जोर पडला की तापते, आणि मोकळ्या रस्त्याला लागली म्हणून ती निमूट थंड होत नाही.

"पण घाटात जोरच पडला होता ना?" पडला होता. पण घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, ट्रकच्या मागे, वीसच्या वेगाने चालते. इंजिनला काम पूर्ण आणि समोरून वारा जवळपास नाही. फॅन न चालणारी ८०० पसरणी घाटात उकळणारच, त्यासाठी गॅस्केट जावं लागत नाही.

सुरुवात रेडिएटरच्या टोपीपासून करा, कारण ती स्वस्त आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभ्या गाडीचीच उघडायची. गरम असताना उघडली तर उकळतं पाणी तोंडावर येतं. कापड धरून हळूच उघडू वगैरे काही नको. या टोपीचं खरं काम आतला दाब धरून ठेवणं. तिच्यावर ०.९ असा आकडा असतो, तो किलो प्रति चौरस सेंटिमीटरचा. एवढा दाब धरला की समुद्रसपाटीला पाणी १०० ऐवजी ११८-११९ अंशांच्या आसपास उकळतं. टोपीचं रबर कडक झालं, त्याला चीर गेली किंवा स्प्रिंग मेली की दाब धरला जात नाही आणि पाणी उघड्या पातेल्यासारखं उकळतं. त्यात महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचीवर. तिथे उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. आणि या गाडीचा फॅन लागतो साधारण ९५ ते १०० च्या दरम्यान. म्हणजे टोपी मेलेली असेल तर घाटमाथ्यावर फॅन लागायच्या सुमारासच पाणी उकळायला लागतं. इंजिन ओव्हरहीट न होताही रेडिएटर रिकामा होऊ शकतो, तो असा.

टोपीच्या मधोमध छोटी उलटी झडप असते. नखाने ओढून सोडा, टुणकन परत बसली पाहिजे. इंजिन थंड होताना पाणी आकसतं तेव्हा या झडपेतून रिझर्व्ह टाकीतलं पाणी परत आत ओढलं जातं. ती अडकली असेल तर सकाळी वरचा होस चिंबलेला दिसतो, टाकी भरलेली आणि रेडिएटर मात्र वरून रिकामा. टाकीकडे जाणारी बारीक नळी तडकली असेल तरी असंच होतं, कारण मग पाण्याऐवजी हवा ओढली जाते. टोपीची किंमत काही शेच रुपये असते. शंका असेल तर ०.९ चीच नवी लावा. जास्त आकड्याची लावू नका, जुने होस आणि रेडिएटरचे सांधे तो दाब सोसत नाहीत.

आता फॅन. पाणी बरोबर भरा, एसी बंद ठेवा, गाडी न्यूट्रलला हँडब्रेकवर सुरू करून बॉनेट उघडं ठेवा. ओढणी, टाय, लोंबत्या बाह्या लांब. पंधरा-वीस मिनिटांत काटा मध्यावर येईल, आणि मध्याच्या थोडा वर गेला की रेडिएटरचा फॅन लागून दोन-तीन मिनिटांत बंद व्हायला हवा. काटा पाऊणवर पोचला तरी फॅन हलला नाही तर इंजिन बंद करा. एसीच्या कंडेन्सरचा (रेडिएटरसारखीच दिसणारी एसीची जाळी) फॅन वेगळा असतो. एसी लावल्यावर तो फिरताना बघून "फॅन चालतोय" असं समजणारे पुष्कळ आहेत.

फॅन लागला नाही तर आधी मोटर की वायरिंग हे वेगळं करायचं. फॅनचा कनेक्टर काढा आणि मोटरच्या दोन टोकांना बॅटरीतून थेट वीज द्या, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज टाकून. फिरला नाही तर मोटरच्या पाठीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोन-तीनदा हलकेच ठोका. ठोकल्यावर फिरला तर कार्बन ब्रश संपलेत. ही चाचणी इंजिन तापलेलं असतानाही एकदा करा, कारण बुश घासलेली मोटर थंड असताना छान फिरते आणि बॉनेटखालच्या उष्णतेत जाम होते. गॅरेजमध्ये सकाळी ठीक निघणारा फॅन तुमच्या कोंडीत संध्याकाळी बंद असतो, त्यामागे बहुतेकदा हेच असतं.

मोटर ठीक असेल तर काटा वर असताना कनेक्टरच्या वायरींवर मल्टीमीटर लावा. १२ व्होल्ट येत नसेल तर फ्यूज, मग रिले (फॅनची वीज चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच). रिले बदलून बघायला शेजारचा तशाच पिनांचा आणि तेवढ्याच क्षमतेचा रिले क्षणभर उसना घ्या. त्याच्या बुडाची पितळी पाती काळी किंवा हिरवट पडलेली असतील तर पॉलिश पेपरने साफ करा. बहुतेक वेळा बिघाड इथेच संपतो.

तरीही नाही, तर राहिला पाण्याचा सेन्सर. एमपीएफआयमध्ये फॅनचा हुकूम ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, देतो, आणि ईसीएमला तापमान कळतं या सेन्सरच्या रेझिस्टन्सवरून. कनेक्टर काढून दोन पिनांमध्ये मोजा: २० अंशांना २.२ ते २.७ किलोओहम, ४० ला साधारण १.१, ६० ला ०.५८ आणि ८० ला ०.३ च्या आसपास. इंजिन तापत जाईल तसा आकडा सलग उतरला पाहिजे. मध्येच उडी मारत असेल किंवा गरम इंजिनलाही दीड-दोन किलोओहम दाखवत असेल तर ईसीएमच्या लेखी इंजिन थंड आहे, तो फॅन लावणार कशाला? डॅशबोर्डवरच्या काट्याची जोडणी यापासून स्वतंत्र असते, म्हणून काटा वर आणि फॅन गप्प हे दृश्य शक्य होतं. कार्बोरेटरवाल्या जुन्या ८०० मध्ये हे काम साधा थर्मो स्विच करतो. त्याचा कनेक्टर काढून इग्निशन चालू ठेवून वायरीचे दोन पदर तारेने जोडले की फॅन फिरायला हवा; फिरला तर स्विच बाद.

फॅन फिरतोय म्हणून लगेच त्याला पास करू नका. कधी मोटर बदलताना वायरी उलट्या लागतात आणि फॅन हवा आत खेचण्याऐवजी पुढे ढकलतो. समोरच्या जाळीवर वहीचा एक कागद धरा. फॅन लागल्यावर तो जाळीला चिकटून बसला पाहिजे. फडफडत खाली पडला तर दिशा तपासा.

कागद अर्धवटच चिकटत असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारून बघा. तिथे चिखल, गवताची कुसळं, किडे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तुकडे दाबून बसतात. बाहेरून दोन्ही स्वच्छ दिसतात आणि मधे गोधडी असते. साध्या पाइपने, इंजिनच्या बाजूकडून बाहेर असं पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला तर पातळ पत्र्या आडव्या होतात आणि होती ती हवाही बंद होते.

आता काढून टाकलेल्या थर्मोस्टॅटबद्दल. आपल्याकडे ही रीतच पडली आहे आणि ती चुकीची आहे. थर्मोस्टॅट काढल्यावर मोकळ्या रस्त्यावर इंजिन पुरेसं तापतच नाही. ईसीएम थंड इंजिनासारखं जास्त पेट्रोल टाकत राहतो, ॲव्हरेज उतरतो, सिलिंडरची झीज वाढते. शिवाय ऑइलमध्ये जमणारी वाफ उडून जायला जी उष्णता लागते ती मिळत नाही, आणि मग ऑइल फिलरच्या टोपीखाली पिवळट पांढरी साय धरते. तुम्हाला दाखवली ती हीच असण्याची दाट शक्यता आहे. दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या धडधाकट गाडीतही ती दिसते. टोपी पुसा आणि डिपस्टिक बघा. सगळं ऑइलच दुधाळ कॉफीसारखं झालं असेल आणि पातळी वाढलेली असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ आणि साय फक्त टोपीला, तर तेवढ्यावरून हेड उतरवू नका.

थर्मोस्टॅट परत बसवा, ८२ अंशांचा. नवा आणलात तरी बसवण्याआधी एकदा तपासा, दहा मिनिटांचं काम आहे. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅटच्या झडपेच्या फटीत शिवणाचा दोरा अडकवा आणि त्या दोऱ्याने तो पाण्यात लोंबता ठेवा, बुडाला टेकू देऊ नका. पाण्यात थर्मामीटर, तापावर घ्यायचा नव्हे, १०० अंशांपर्यंत दाखवणारा. पाणी ८२ च्या जवळ आलं की झडप उघडते, दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टपकन खाली पडतो. त्या क्षणाचा आकडा वाचा. पुढे ९५ पर्यंत तापवल्यावर झडप निदान ८ मिलिमीटर उघडलेली दिसली पाहिजे. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ ला उकळतं, त्यामुळे गॅसवर हे सहज जमतं. पातेलं मात्र नंतर स्वयंपाकाला नको. बसवताना त्याच्या कडेचं छोटं हवेचं भोक वरच्या बाजूला ठेवा आणि गॅस्केट नवं वापरा.

इथवरच्या गोष्टींतून तापण्याचा प्रश्न बहुधा सुटतो. राहिलं पाणी कमी होणं. उकळण्यात किती जात होतं हे टोपी आणि फॅन नीट केल्यावर आपोआप कळेल. त्यानंतरही पातळी उतरत असेल तर गळती शोधा, आणि ती साध्या पाण्याने शोधू नका. साधं पाणी गरम इंजिनावर वाळून जातं, माग ठेवत नाही. हिरवा किंवा लाल कूलंट भरला की दोन दिवसांत गळतीच्या जागी रंगीत चट्टा उमटतो. बघायच्या जागा: होसच्या टोकांवरच्या जुबली क्लिपा, रेडिएटरच्या पत्र्याचा आणि प्लॅस्टिक टाकीचा सांधा, वॉटर पंपाच्या बुडाशी असलेलं छोटं भोक (त्यातून थेंब येतोय म्हणजे आतलं सील गेलं), आणि ब्लॉकच्या कडेला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल टोप्या. डावीकडच्या सीटपुढचं कार्पेट ओलं आणि आत गोडसर वास असेल तर हीटरची कॉइल. गॅसकिट बसवलेलं असेल तर रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणारा भाग) जाणाऱ्या पाण्याच्या दोन नळ्या विसरू नका, त्यांच्या क्लिपा घाईत लावलेल्या असतात. पंपाचा पट्टाही दाबून बघा. लोक त्याला फॅन बेल्ट म्हणतात, पण या गाडीत तो फॅन फिरवत नाही, पंप आणि अल्टरनेटर फिरवतो. अंगठ्याने जोर देऊन ६ ते ९ मिलिमीटर दबला की ठीक.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. हळद भोक बुजवते हे खरं, पण बारीक नळ्याही तितक्याच मन लावून बुजवते.

रेडिएटर आतून चोंदलाय का हे बघायला इन्फ्रारेड थर्मामीटर उपयोगी पडतो. चकचकीत धातूवर तो खोटं बोलतो, म्हणून मोजायच्या जागी काळ्या इन्शुलेशन टेपचा तुकडा चिकटवा. इंजिन पूर्ण तापलेलं, फॅन चालू असताना आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या होसजवळ मोजा. दोन्हीकडे जवळपास सारखंच तापमान असेल तर हवा उष्णता नेत नाही. फरक खूपच मोठा असेल तर पाणी हळू फिरतंय. रेडिएटरच्या मधोमध एखादा पट्टा थंडच राहत असेल तर तेवढ्या नळ्या बंद आहेत. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेल्या गाड्यांत हे होतंच, किटलीत जसा क्षार धरतो तसा. तांबे-पितळेचा जुना रेडिएटर उघडून आतून सळई मारून साफ करून मिळतो. ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकचा असेल तर त्यात पैसे घालवू नका, नवाच लावा.

आता गॅस्केट. सकाळी थंड इंजिन, रेडिएटरची टोपी काढलेली, पाणी काठोकाठ. सुरू करा आणि पाण्याकडे बघा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतील, ती अडकलेली हवा. पण बुडबुडे एका लयीत येतच राहिले आणि रेस दिल्यावर वाढले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. दुसरी खूण: टोपी लावून थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत, पाणी कोमटही झालेलं नसताना वरचा होस दगडासारखा कडक होणं. तिसरी: तीनही प्लग काढून शेजारी ठेवा. दोन तपकिरी आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. कॉम्प्रेशन गेज मिळाला तर तीन सिलिंडरांतला फरक एक किलोच्या आत असावा. पक्कं उत्तर हवं असेल तर निळ्या द्रवाचा लीक टेस्टर रेडिएटरच्या तोंडावर लावतात. धुराचा गॅस मिसळला की द्रव पिवळा पडतो. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून दिसणारी पांढरी वाफ हा पुरावा नाही. इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तर आहे.

यातल्या दोन खुणा जरी स्पष्ट दिसल्या तर गॅरेजवाला बरोबर आहे, हेड उतरू द्या. मात्र नुसतं गॅस्केट बदलून घेऊ नका. हेडवर सरळपट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) वाक मोजायला सांगा. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर फेस मारून (हेडचा पृष्ठभाग यंत्रावर सपाट करून) घ्यावाच लागतो, नाहीतर नवं गॅस्केटही तिथेच सुटेल.

शेवटी भरणं, कारण इथे चूक झाली तर सगळं दुरुस्त होऊनही गाडी तापते. जुनं पाणी काढा, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. या गाडीत साडेतीन लिटरच्या आसपास मावतं. आपल्या हवेत तीन भाग कूलंट आणि सात भाग डिस्टिल्ड वॉटर पुरे. डबा रेडी-टू-यूज असेल तर त्यात पाणी मिसळायचं नाही. निव्वळ घट्ट कूलंट भरणं हेही चूकच, तो पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतो. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, गाडीचं तोंड थोडं चढावर, टोपी उघडी, इंजिन आयडलवर. पाणी हळूहळू भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा आणि वरचा होस हाताने दाबत राहा, आतली हवा बुडबुड करत बाहेर येते. हीटरमधून गरम हवा यायला लागली म्हणजे आतली हवा निघाली. सांडलेला कूलंट लगेच धुऊन टाका. तो गोड लागतो, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांच्यासाठी तो विष आहे.

मग इंजिन थंड असताना रिझर्व्ह टाकीवर मार्करने पातळीची रेघ मारा आणि आठवडाभर रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी बघा. पहिल्या दोन दिवसांत बोटभर उतरेल, ती राहिलेली हवा. त्यानंतर रेघ धरून राहिली तर घाटात जायला हरकत नाही. उतरतच राहिली आणि बाहेर कुठेही रंगाचा चट्टा नाही, तर पाणी आतच कुठेतरी जळतंय. मग प्लग आणि बुडबुड्यांची तपासणी पुन्हा करा, या वेळी गाडी अर्धा तास चालवून, रात्रभर थंड करून.